एका संगणकात दोन प्रणाली : जुन्या यंत्राचा आणि मराठी तालिकेचा प्रश्न



शताब्दीच्या निमित्ताने मराठीच्या प्राध्यापकाला व्याख्यानासाठी बोलावले म्हणजे तो सीमाभागातील साहित्यपरंपरेवर बोलेल, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. त्या विषयावर माझ्यापेक्षा अधिकाराने बोलणारी मंडळी आपल्यात आहेत. मी आज निवडलेला विषय वाचनालयाच्या आतल्या खोलीतला आहे. देवघेवीच्या टेबलावरील जुन्या संगणकाचे काय करावयाचे, हा प्रश्न कार्यकारी मंडळापुढे काही दिवस पडून आहे. विक्रेता म्हणतो, यंत्र भंगारात काढा आणि नवे घ्या. ग्रंथपाल म्हणतात, यंत्रात पुस्तकांची सगळी यादी आहे, ते काढून कसे चालेल? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. माझे मत असे की, त्या संगणकातील जुनी प्रणाली जागच्या जागी ठेवून तिच्या शेजारी दुसरी प्रणाली बसवावी. हे का करावे, आणि करताना हात कोठे राखावा, एवढेच मला सांगावयाचे आहे.

ऑपरेटिंग सिस्टीमला कोणी कार्यप्रणाली म्हणतात, कोणी संचालन प्रणाली. मी आज नुसते ‘प्रणाली’ म्हणेन. बंद कपाटांच्या ग्रंथालयात वाचक थेट फळीपाशी जात नाही. तो चिठ्ठी देतो आणि ग्रंथपाल पुस्तक काढून हाती ठेवतात. संगणकातही आपण टंकलेखन करतो तो कार्यक्रम स्वतः हार्डडिस्कला हात लावीत नाही. तो प्रणालीकडे मागणी करतो. यंत्राचा कोणता भाग कोणाला, किती वेळ द्यावयाचा हे प्रणाली ठरविते. एका संगणकात दोन प्रणाली असणे म्हणजे सकाळपाळीचे आणि सायंकाळपाळीचे असे दोन ग्रंथपाल असणे. कपाटे तीच, इमारत तीच, पण खुर्चीवर एका वेळी एकच. यंत्र सुरू करताना पडद्यावर दोन नावे येतात, त्यांतले एक आपण निवडावयाचे.

आता प्रश्न उद्भवला कसा ते पाहू. आपल्याकडील बहुसंख्य जुन्या संगणकांत विंडोज आहे. तिची सातवी आवृत्ती १४ जानेवारी २०२० रोजी आणि दहावी आवृत्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी कंपनीच्या नियमित देखभालीतून बाहेर पडली. दहावीच्या घरगुती ग्राहकांसाठी एका वर्षाची वाढीव सोय जाहीर झाली, पण ती मुक्काम लांबविण्यापुरतीच. देखभाल संपली म्हणजे यंत्र बंद पडले असे नाही. ते कालच्यासारखेच चालते. फक्त त्यात पुढे सापडणारी भगदाडे बुजविणारे कोणी राहत नाही, आणि असे यंत्र इंटरनेटला जोडणे दिवसेंदिवस धोक्याचे होत जाते. मग अकरावी आवृत्ती का घालू नये? तर २०२१ साली आलेल्या त्या आवृत्तीला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था लागते, आणि साधारणपणे २०१७-१८ पूर्वीचे प्रोसेसर तिच्या मान्य यादीत नाहीत. म्हणजे यंत्र धडधाकट असूनही दाराशीच अडवले जाते. गावोगावच्या शाळा, पतसंस्था, वाचनालये यांच्याकडील कितीतरी संगणक याच वर्गातले आहेत.

येथे कोणी म्हणेल, जुनी प्रणाली पुसून टाका आणि नवी घाला. शेजार कशाला हवा? याचे उत्तर मराठी टंकनाच्या इतिहासात आहे, आणि मला बोलावेसे वाटले ते मुख्यतः त्यासाठीच.

संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला आकडे कळतात. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, याचा करार आधी व्हावा लागतो. भारतीय लिप्यांसाठी असा करार करण्याचे काम कानपूरच्या आयआयटीत आणि पुढे १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये झाले. इस्की या नावाचे ते मानक १९९१ साली भारतीय मानक संस्थेने स्वीकारले. जगातील सर्व लिप्यांना एकाच तक्त्यात बसविणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच साली निघाली, आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आराखड्यावरून घेतलेली होती. (आपल्या वर्णमालेत ‘ह’नंतर येणारा ‘ळ’ त्या तक्त्यात ‘ल’च्या शेजारी बसला आहे. सर्व भारतीय लिप्यांना एकच क्रम लावल्याचा तो परिणाम. मराठीच्या माणसाला ते खटकते, पण यंत्राचे काम त्यावाचून अडत नाही.)

करार झाला खरा, परंतु छापखान्यांना आणि कार्यालयांना तितका धीर नव्हता. नव्वदीच्या दशकात जे मराठी फाँट घरोघर पोहोचले त्यांतील बहुतेकांनी सोपी वाट धरली. इंग्रजी अक्षरांना नेमून दिलेल्या आकड्यांवरच त्यांनी देवनागरीचे तुकडे चिकटविले. कोठे काना, कोठे अर्धा ‘स’, कोठे रफार. पडद्यावर दिसे मराठी. यंत्राच्या पोटात मात्र साठे इंग्रजी अक्षरांची आणि विरामचिन्हांची खिचडी. शिवाय प्रत्येक कंपनीची चिकटवण्याची पद्धत वेगळी. तो विशिष्ट फाँट आहे तोवर मजकूर वाचता येतो. फाँट नसला की ज्ञानेश्वरीच्या प्रतीचीही निरर्थक चिन्हांची ओळ होते. कन्नडची गोष्ट याहून निराळी नव्हती, हे आपल्या भागात कार्यालयीन काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक असेल.

आपल्या वाचनालयाची यादी अशाच एका फाँटमध्ये आणि त्या काळच्या एका कार्यक्रमात टंकलेली आहे. तो कार्यक्रम जुन्या प्रणालीवरच चालतो. ती पुसली तर यादीची फाइल उरेल, पण ती वाचण्याचे साधन जाईल. उलट जुनीच प्रणाली पुढे रेटीत राहिलो, तर ज्या दिवशी हार्डडिस्क दम तोडील त्या दिवशी दोन्ही जातील. दाखल नोंदवही कपाटात आहे म्हणून आपण निश्चिंत आहोत. परंतु मलप्रभा जेथे उगम पावते ती कणकुंबी येथून दूर नाही. या मुलखातला पाऊस कागदाचे काय करतो, आणि पावसाने सोडलेले वाळवी कसे पुरे करते, हे जांबोटीकरांना मी सांगावयास नको. दुसरी प्रणाली शेजारी बसवावयाची ती यासाठी. जुनी प्रणाली यादी उघडून देईल. नवी ती सर्वांना वाचता येईल अशा रूपात जपेल आणि इंटरनेटचे कामही सांभाळील. जुन्या प्रणालीला मात्र इंटरनेटपासून कायमचे तोडावे. यात मुळीच सवलत देऊ नये.

ही नवी प्रणाली म्हणजे लिनक्स. तिची घोषणाही योगायोगाने १९९१ चीच. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस तोर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने ऑगस्ट महिन्यात ती केली. त्याने लिहिला तो प्रणालीचा गाभा. त्याभोवतीचे कितीतरी साहित्य रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातून तयार होत होते. ते कोणीही घ्यावे, तपासावे, बदलावे आणि दुसऱ्याला द्यावे, अशी त्यामागची अट आहे. हस्तलिखित पोथीची नक्कल करून घेण्याची रीत असलेल्या समाजाला ही कल्पना परकी वाटू नये. डेबियन, उबुंटू, मिंट या तिच्याच निरनिराळ्या आवृत्त्या. चेन्नईच्या सी-डॅकने डेबियनवरून केलेली बॉस ही भारतीय आवृत्ती २००७ पासून आहे. केरळच्या सरकारी शाळांनी तर संगणकशिक्षण याच मार्गाने उभे केले.

ग्रंथालयांच्या दृष्टीने या परंपरेतील एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. न्यूझीलंडमध्ये होरोव्हेनुआ नावाचा एक लहानसा ग्रंथालय-न्यास आहे. १९९९ साली त्याच्यापुढे आपल्यासारखाच पेच होता. त्यांचा देवघेवीचा जुना कार्यक्रम २००० साल उजाडताच तारखांत घोटाळा करणार होता, आणि नव्याचा खर्च परवडत नव्हता. त्यांनी एका स्थानिक कंपनीकडून स्वतःपुरता कार्यक्रम लिहून घेतला, जानेवारी २००० मध्ये तो सुरू केला आणि जगाला मोकळा करून दिला. त्याला नाव दिले ‘कोहा’. माओरी भाषेत त्याचा अर्थ भेट, आणि तीही परतभेटीची जाणीव मागे ठेवणारी. आज भारतातील असंख्य विद्यापीठे आणि महाविद्यालये तोच कार्यक्रम वापरतात, आणि तो लिनक्सवर चालतो. आपल्याकडील एकुलत्या एका जुन्या यंत्रावर तो आजच चढवावा असे मी म्हणणार नाही. आधी यादी शुद्ध रूपात हाती यावी. त्यासाठी लिबरऑफिसमधील साधा तक्ता पुरेसा आहे. तक्ता नीट असेल तर तो पुढे कोहात किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ई-ग्रंथालयात सहज भरता येतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिले काम संगणक सुरू करण्याचेही नाही. यादीच्या फाइली, तो जुना फाँट आणि तो कार्यक्रम यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी काढून ठेवण्याचे आहे. एक प्रत वाचनालयात आणि दुसरी वाचनालयाच्या इमारतीबाहेर, एखाद्या विश्वस्तांच्या घरी. फाँटची प्रत घेण्याचे बहुतेकांना सुचत नाही, आणि नेमके तेच किल्ली हरवल्यासारखे होते.

त्यानंतर यंत्राची कुवत पाहावी. मिंटच्या अलीकडच्या आवृत्तीला किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते; सुखाने चालावयास ४ जीबी आणि त्याहून बरीच अधिक जागा हवी. मिंटचे एक्सएफसीई हे हलके रूप जुन्या यंत्रास मानवते. फारच जुना, ३२ बिटांचा प्रोसेसर असेल तर मात्र वाट अरुंद झाली आहे. उबुंटूने ती सोय पूर्वीच बंद केली, आणि डेबियननेही ऑगस्ट २०२५ मधील तेराव्या आवृत्तीपासून अशा यंत्रांवर नव्याने प्रणाली बसविणे थांबविले. आपले यंत्र ६४ बिटांचे आहे, ही समाधानाची बाब.

मिंटची फाइल उतरवून ती पेनड्राइव्हवर विशिष्ट रीतीने लिहावी लागते; नुसती नक्कल केल्याने भागत नाही. मग यंत्र सुरू होताना एफ १२, एफ २ किंवा डिलीट यांपैकी जी कळ त्या यंत्राची असेल ती दाबून पेनड्राइव्हवरून सुरुवात करावयाची. येथे एक फार चांगली सोय आहे. काहीही न बसविता, हार्डडिस्कला हात न लावता, नवी प्रणाली पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. पडदा नीट दिसतो का, प्रिंटर ओळखला जातो का, आवाज येतो का, हे सर्व आधीच कळते. दोन दिवस असेच चालवून पाहावे. घाई करणाऱ्यास वाचलेला वेळ पुढे दुप्पट द्यावा लागतो.

बसविताना खरा प्रश्न जागेचा. आपल्याकडे संगणक विकताना हार्डडिस्कचे सी, डी, ई असे वाटे पाडून देण्याची रीत होती. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर मुख्य वाटे चारापेक्षा अधिक होत नाहीत, आणि चार आधीच भरले असतील तर पाचव्यास ठाव मिळत नाही. अशा वेळी एखादा रिकामा वाटा मोडून त्याचीच जागा द्यावी. विंडोजचा वाटा आखडावयाचा झाल्यास तो विंडोजच्याच साधनाने आखडावा. त्यापूर्वी दहाव्या आवृत्तीतील ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय बंद करावी. नाहीतर विंडोज पुरती झोपत नाही, अर्धवट डोळा उघडा ठेवते, आणि लिनक्सला त्या वाट्यात लिहिण्याची मुभा मिळत नाही. तसेच विंडोज ज्या पद्धतीने सुरू होते, जुन्या बायॉसच्या किंवा नव्या यूईएफआयच्या, त्याच पद्धतीने दुसरी प्रणालीही बसवावी. दोहोंची गल्लत झाली की एकीला दुसरीचा पत्ता लागत नाही.

वाटे आखडण्याच्या मध्येच वीज गेली तर मात्र यादीवर पाणी पडू शकते. चांगला यूपीएस असल्याखेरीज हे काम सुरू करू नये, आणि असला तरी आपल्या भागात जून ते सप्टेंबर या काळात करू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. खरे पाहता माझी शिफारस याहून पुढची आहे. टेबलावरच्या संगणकाच्या पेटीत सामान्यतः दुसऱ्या डिस्कला जागा असते. एक लहान एसएसडी विकत घेऊन नवी प्रणाली तिच्यावर बसवावी आणि त्या वेळेपुरती जुनी डिस्क चक्क सोडवून बाजूला ठेवावी. मग आखडणे नाही, वाटे मोडणे नाही, जुन्या यादीला धक्का लागण्याचा प्रश्नच नाही. नव्या यंत्राच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे, आणि एसएसडीमुळे जुने यंत्र जो वेग धरते तो पाहून विक्रेत्यालाही आश्चर्य वाटावे.

प्रणाली बसल्यावर यंत्र सुरू करताना ग्रब नावाची सूची येते. काही सेकंदांत निवड केली नाही तर पहिले नाव सुरू होते. तेथे लिनक्स राहू द्यावे, म्हणजे नवख्या सेवकाच्या हातून चुकून जुनी प्रणाली उघडली जाणार नाही. आणखी एक गंमत होते. विंडोज यंत्रातील घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवते, लिनक्स ते जागतिक वेळेवर धरते. त्यामुळे एकीतून दुसरीत गेले की वेळ साडेपाच तासांनी सरकते. देवघेवीच्या नोंदींत ते चालणार नाही. लिनक्सला स्थानिक वेळ पाळावयास सांगणारी एक ओळीची आज्ञा आहे, ती द्यावी. घड्याळ एकदम कित्येक वर्षे मागे जात असेल तर दोष प्रणालीचा नाही. आतील रुपयाएवढी बॅटरी संपलेली असते.

आता मराठी. लिनक्समध्ये मराठी युनिकोडसाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. इन्स्क्रिप्टचा कळफलक त्यातच असतो. इन्स्क्रिप्टमध्ये डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ या शब्दांतील तो आपला खास रकार, ज्यावाचून मराठी पान हिंदी वाटू लागते, शिफ्टसह जे ही कळ दाबून मिळणाऱ्या ‘ऱ’ला हलन्त जोडून येतो. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडात स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले, हेही ध्यानात ठेवावे. जुन्या याद्यांत ते नाना तऱ्हांनी लिहिलेले सापडते. सीमाभागाला सर्वांत उपयोगी अशी गोष्ट तर पुढेच आहे. इन्स्क्रिप्टमध्ये मराठी ‘क’ ज्या कळेवर, कन्नड ‘क’ही त्याच कळेवर; ‘प’, ‘र’, ‘त’ यांचेही तसेच. मराठी टंकन शिकलेली मुलगी भाषा बदलण्याची कळ दाबून त्याच बोटांनी कन्नड पुस्तकाचे नावही टंकू शकते. आपल्या कपाटांत दोन्ही भाषांची पुस्तके आहेत; यादीतही ती आपापल्या लिपीत एकाच तक्त्यात राहू शकतील. जुन्या फाँटच्या काळात हे जवळजवळ अशक्य होते.

अडचणी नाहीत असे नाही. काही जुने प्रिंटर लिनक्सवर रुसतात. तालुक्याच्या गावी दुरुस्त करणारा सहसा विंडोजच जाणतो, आणि लिनक्स म्हटले की मान हलवितो. स्मरणिकेची जुळणी ज्या कार्यक्रमांत होते ते येथे चालत नाहीत. पण ती जुळणी छापखान्यात होते, आपल्या टेबलावर नाही. यंत्र बिघडले तर पाहणार कोण, हा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटतो. त्यावर उपाय एकच. महाविद्यालयात जाणाऱ्या दोन तरुण सभासदांना हे काम आरंभापासून सोबत घ्यावे, आणि केलेली प्रत्येक गोष्ट एका वहीत मराठीतून लिहून ठेवावी. एकट्या माणसाला ठाऊक असलेली व्यवस्था त्या माणसाबरोबरच जाते.

राहता राहिली यादी. जुन्या फाँटचे युनिकोडात रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत, आणि ती बरेचसे काम क्षणात करतात. परंतु रफार, जोडाक्षरे, पहिली वेलांटी या ठिकाणी ती हमखास अडखळतात, आणि लेखकांची आडनावे तर फारच जपून पाहावी लागतात. रूपांतरित यादी दाखल नोंदवहीशी ओळीओळीने ताडून पाहण्याला पर्याय नाही. रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या पाच नियमांत वाचकाचा वेळ वाचविण्याचा जो नियम आहे, त्याची सुरुवात अशा रूक्ष पडताळणीपासून होते. एकाने नोंदवही वाचावी, दुसऱ्याने पडद्यावर पाहावे. रोज पन्नास नोंदी झाल्या तरी पुरे. आरंभीच्या वह्यांत कोठे मोडीतील शेरे असतील तर तेही टिपून ठेवावेत. मोडीला २०१४ पासून युनिकोडात स्वतःची जागा आहे. ते हस्ताक्षर आणि ती लिपी वाचू शकणारी वडीलधारी मंडळी आज समोर बसली आहेत. पडताळणीसाठी पहिली नावे त्यांनी द्यावीत आणि काम येत्या पावसाळ्याच्या आत सुरू करावे, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.